सीबीसीच्या कागदावरचा भागाकार

समोरच्या इमारतीतल्या मुलाने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. त्याच्या वडिलांचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाईट १३ टक्के या दोन ओळींना बॉलपेनने गोल केलेले, आणि समासात भागाकार मांडलेला: ७८ ÷ १३ = ६. खाली मेसेज होता, "ताई, चारच्या वर गेलं की वाईट असतं असं वाचलं. सहा म्हणजे किती दिवस?"

वडिलांना गालाचा कॅन्सर निघाला होता. डाव्या गालाची आतली बाजू आणि खालची हिरडी यांच्या बेचक्यात, जिथे तीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी बसायची, नेमकी तिथे जखम. आपल्याकडे ही जागा इतकी ठरलेली आहे की या कॅन्सरला डॉक्टर मंडळी 'इंडियन ओरल कॅन्सर' म्हणतात. ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांनी होती. तेवढ्यात मुलगा रोज रात्री मोबाईलवर वाचत बसायचा, आणि कुठेतरी त्याला एनएलआर नावाचा हा भागाकार सापडला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हे आकडे दिवसभर माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे हा आकडा कुठून येतो हे मला नीट माहीत आहे, आणि 'किती दिवस' या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही हेही. त्या रात्री फोनवर जे तुटक सांगितलं, ते इथे सवडीने लिहिते आहे.

आधी तो आकडा तयार कसा होतो ते बघू. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त येतं. मशीन त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतं आणि त्यांचे प्रकार वेगळे करतं. शंका आली की आम्ही काचेवर रक्ताचा पातळ थर ओढतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. न्यूट्रोफिल ओळखायला सोपा. त्याचं केंद्रक तीन-चार तुकड्यांत विभागलेलं असतं, चिंचोके दोऱ्यात ओवल्यासारखं. लिम्फोसाईटचं केंद्रक म्हणजे एकच गोल गडद ठिपका, भोवती निळसर रंगाची बारीक कड. पहिल्याचा टक्का भागिले दुसऱ्याचा टक्का, झाला एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल-लिम्फोसाईट गुणोत्तर. वेगळं रक्त लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. दोन-तीनशे रुपयांच्या, तालुक्याच्या गावीही होणाऱ्या तपासणीतून तो फुकट निघतो. एवढा स्वस्त आकडा कॅन्सरबद्दल काही सांगू शकेल म्हटल्यावर संशोधकांनी त्यावर उड्या टाकल्या, यात नवल नाही.

निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. हे दोन्ही शिपाई एकाच फौजेतले असले तरी कामं वेगळी. न्यूट्रोफिल म्हणजे पहिल्या हाकेला धावणारा. जंतू, जखम, भाजणं, मार काहीही असो, हा काही तासांत हजर होतो, तोडफोड करतो आणि मरतो. अस्थिमज्जा रोज अब्जावधी न्यूट्रोफिल तयार करते, कारण ते टिकतच नाहीत. लिम्फोसाईट सावकाश येतो, पण ओळख पटवून मारतो. बिघडलेली, कॅन्सरची पेशी 'ही आपली राहिलेली नाही' हे हेरून तिला संपवणारे टी-पेशी या लिम्फोसाईटमधलेच. म्हणजे भागाकारात वर तोडफोड आणि खाली जाणती राखण. आकडा वाढला याचा अर्थ वरचं वाढलं, खालचं घटलं किंवा दोन्ही झालं.

पण कॅन्सर काही जंतू नाही. मग न्यूट्रोफिल का वाढावेत?

इथे एक शब्द अडतो. इंग्रजीतल्या 'इन्फ्लमेशन'ला पुस्तकात दाह म्हणतात, लोक सूज म्हणतात. गालाला सूज आली की ती दिसते. इथे बोलतोय ती सूज दिसत नाही. शरीराने धोक्याची घंटा वाजवलेली असते आणि ती थांबत नाही, एवढाच तिचा अर्थ. १९व्या शतकात जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि सूज व कॅन्सर यांचा संबंध असावा असं मांडलं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी गाठीचं वर्णन 'भरून न येणारी जखम' असं केलं. मला ते फार नेमकं वाटतं. जखम झाली की शरीर रक्तवाहिन्या वाढवतं, पेशींना 'वाढा, भरा' असे निरोप धाडतं, आणि जखम भरली की सगळं आवरतं. गाठ हे आवरू देत नाही. दुरुस्तीचं सगळं सामान ती स्वतःच्या वाढीसाठी वापरत राहते.

गाठीतून आणि तिच्या आजूबाजूने काही रसायनं रक्तात सुटतात. त्यांतलं एक जी-सीएसएफ. ते अस्थिमज्जेला सांगतं, न्यूट्रोफिल पाठवा. दुसरं इंटरल्युकिन-६. ते यकृताला कामाला लावतं, आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवू लागतं. सीआरपी सापडलं १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. कोविडने ते आपल्याकडे घराघरात पोचवलं. त्या दिवसांत लोक भाजीचा भाव विचारावा तसे एकमेकांना सीआरपी विचारायचे.

गाठीजवळ पोचलेले न्यूट्रोफिल सरळपणे आपल्या बाजूने लढतही नाहीत. काही जण नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, काही आपल्या विकरांनी भोवतालचं ऊतक कापून गाठीला वाट करून देतात, काही टी-पेशींना सुस्त करतात. ते आपल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, हे २००४ मध्ये लक्षात आलं. ती जाळी असते जंतू अडकवायला, पण तिच्यात रक्तातून भटकणारी कॅन्सरची पेशीही अडकून तिथेच मुक्काम ठोकू शकते. प्लेटलेटही यात सामील होतात. त्या अशा भटक्या पेशीभोवती चिकटतात आणि तिला पहारेकऱ्यांच्या नजरेआड करतात.

म्हणून एनएलआरला भावंडं पुष्कळ. प्लेटलेट भागिले लिम्फोसाईट म्हणजे पीएलआर. लिम्फोसाईट भागिले मोनोसाईट (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) म्हणजे एलएमआर; याचं उलटं, हा जितका कमी तितका वाईट. प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाईट म्हणजे एसआयआय. त्या मुलाच्या वडिलांच्या प्लेटलेट ४ लाख २० हजार होत्या. ४२० गुणिले ६, एसआयआय २५२०. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर त्याने तेही शोधत बसून रात्र काढली असती. तसंही त्याच चार पेशींचे हे वेगवेगळे भागाकार आहेत. चार नावं दिली म्हणून चार पुरावे होत नाहीत.

एनएलआर प्रसिद्धीला आला २००१ नंतर. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा इथे झहोरेक यांनी अतिदक्षता विभागातल्या कॅन्सर रुग्णांमध्ये तो मोजला आणि शरीरावरचा ताण चटकन मोजायचं साधन म्हणून सुचवला. मग एकेका कॅन्सरमध्ये लोक जुन्या फायली काढून तपासू लागले. २०१४ मध्ये अशा १०० अभ्यासांची, ४० हजारांहून जास्त रुग्णांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. त्यात तऱ्हेतऱ्हेच्या गाठींचे कॅन्सर होते. त्या अभ्यासांतली मधली रेघ, म्हणजे 'कमी' आणि 'जास्त' यांच्यातली सीमा, ४ होती, आणि रेघेच्या वर असणाऱ्यांना मृत्यूचा धोका १.८१ पट. तोंड, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरवर पुढे वेगळ्या मांडण्या झाल्या, त्यांचाही कल तोच निघाला. उपचारांआधी ज्यांचा आकडा जास्त, त्यांचं पुढे जास्त वेळा वाईट झालं. एवढ्या देशांतून, एवढ्या लोकांनी बघून तीच दिशा दिसते म्हणजे संबंध खरा आहे, याबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती १.८१ हा आकडा घरी बसून वाचणाऱ्याबद्दल. 'धोका पावणेदोन पट' वाचलं की डोक्यात येतं, आयुष्य निम्मं झालं. तसं नसतं. एक काल्पनिक हिशोब करू. समजा कमी आकड्याचे १०० रुग्ण आहेत आणि पाच वर्षांत त्यांतले ३० दगावले, ७० राहिले. धोका १.८१ पट असेल तर जास्त आकड्याच्या १०० पैकी साधारण ४८ दगावतील आणि ५२ राहतील. फरक मोठा आहे, शंभरात अठरा माणसं म्हणजे थोडी नव्हेत. पण नीट बघा: 'वाईट' गटातलेही निम्म्याहून जास्त जिवंत आहेत, आणि 'चांगल्या' गटातले तीस गेले आहेत. तुमचे बाबा या बावन्नात की अठ्ठेचाळीसात, हे तो भागाकार सांगत नाही. तो गर्दीबद्दल बोलतो. आपण त्याला एका माणसाबद्दल विचारतो.

आता रेघेची गंमत. एका अभ्यासात रेघ २ वर, दुसऱ्यात ३ वर, तिसऱ्यात ५ वर. असं का? कारण बऱ्याच जणांनी आधी निकाल बघितला आणि मग जिथे फरक सर्वांत ठळक दिसतो तिथे रेघ आखली. परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर पासाचे मार्क ठरवले तर निकाल छान लागणारच. तीच रेघ दुसऱ्या गावच्या पोरांना लावली की घोळ होतो. शिवाय यांतले बहुतेक अभ्यास जुन्या फायलींवरचे, आणि ज्यांना काही संबंध सापडला नाही त्यांचे कागद बऱ्याचदा कपाटातच राहतात. 'चारच्या वर वाईट' हे वाक्य इंटरनेटवर इतकं ठाम दिसतं, त्यामागचा चार इतका डळमळीत आहे.

त्याहून मोठी अडचण आम्हाला लॅबमध्ये रोज दिसते. हा आकडा कॅन्सरला एकट्याला ओळखत नाही. दाढ किडली, हिरडीत पू झाला, छातीत कफ झाला, सिगारेट चालू आहे, न्यूट्रोफिल वर. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड घेतलं तर न्यूट्रोफिल वर आणि लिम्फोसाईट खाली, म्हणजे भागाकार दोन्हीकडून फुगतो. आणि हे स्टेरॉइड केमोच्या आधी उलटी होऊ नये म्हणून सर्रास दिलं जातं. केमोनंतर पेशी वाढवायची इंजेक्शनं तर साक्षात जी-सीएसएफचीच. ऑपरेशननंतर काही दिवस न्यूट्रोफिल चढतातच. रेडिएशनला लिम्फोसाईट फार नाजूक. मानेला रेडिएशनचा शेक चालू असताना ते इतके घसरतात की एनएलआर दहा, पंधरा कुठेही जातो. आजार वाढला असा त्याचा अर्थ नाही. म्हणून अभ्यासांमध्ये बहुधा उपचार सुरू होण्याआधीचा आकडा धरतात. उपचारांच्या मधल्या सीबीसीवर घरी भागाकार करणं म्हणजे विनाकारण झोप घालवणं.

ट्यूबचंही ऐका. नमुना फार वेळ पडून राहिला की पेशी बिघडतात. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या ट्यूबमधल्या रसायनात एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. मग पीएलआर आणि एसआयआय दोन्ही खोटे निघतात. आम्ही काच बघून 'प्लेटलेट क्लम्प्स' असं लिहितो. ते कोणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत घशाचे, टॉन्सिलचे असे कॅन्सर बरेच असतात जे एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. ते जातीने वेगळे. उपचारांना चांगले दबतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात एचपीव्ही असलेल्या घशाच्या कॅन्सरचे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, नसलेल्यांचे ५७ टक्के. एचपीव्हीवाल्यांचा एनएलआरही बहुधा कमीच असतो. दोघांना एका टोपलीत घातलं तर आकड्याचं श्रेय कुठलं आणि विषाणूचं कुठलं, हे कळणार नाही. आपल्याकडे गाल, हिरडी, जीभ, आणि मागे तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी. भारतात ओठ-तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला १ लाख ४० हजारांवर नवे रुग्ण निघतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे मी सांगायला नको.

मग डॉक्टर कशावर भिस्त ठेवतात? स्टेजवर. गाठ किती मोठी यापेक्षाही ती किती खोल उतरली, मानेतल्या लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) गेली का, गेली असेल तर त्या लसिका गाठीचं कवच फोडून बाहेर आली का, आणि कापलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर उरला का. खोली आणि कवच फुटणं या दोन गोष्टी स्टेज ठरवण्याच्या आठव्या आवृत्तीत, २०१८ पासून, रीतसर मोजल्या जातात. यांच्यापुढे रक्तातला आकडा दुय्यम. मोठी, फुटलेली, जंतू शिरलेली गाठ असली की एनएलआर आपोआप वाढतो, त्यामुळे तो पुष्कळदा स्टेजचंच गाऱ्हाणं दुसऱ्या आवाजात सांगत असतो. स्टेज, वय वगैरे हिशोबात धरल्यावरही बऱ्याच अभ्यासांत त्याचा थोडा स्वतंत्र वाटा उरतो, हे खरं. पण त्यावरून आज कोणाचं ऑपरेशन बदलत नाही.

आणि हाच फरक मला त्या मुलाला सर्वांत जास्त सांगायचा होता. रस्ता किती खडबडीत आहे हे सांगणं वेगळं आणि कोणत्या गाडीने जावं हे सांगणं वेगळं. एनएलआर पहिलं काम थोडंफार करतो. दुसऱ्या कामाचं उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियलचंच आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या गाठी हाताला लागत नसतील तर त्या तेव्हाच काढाव्यात की नंतर वाढल्या तर काढाव्यात, हा वाद कित्येक दशकं चालू होता. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून उपचार दिले आणि २०१५ मध्ये निकाल मांडला: आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितलेल्यांत साडेसदुसष्ट. त्याने जगभरचे सर्जन काय करतात ते बदललं. एनएलआर बघून उपचार बदलल्याने माणसं वाचली, असं कोणी अजून या तोडीने दाखवलेलं नाही.

मुलाचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "मग सूज उतरवायचं काही देऊ का? हळदीचं दूध, काढा?" हळदीच्या दुधाला माझी ना नाही, गिळता येत असेल तर. पण आकडा खाली आणणं म्हणजे कॅन्सर खाली आणणं नव्हे. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरत नाही. आणि आकडा सुधारेपर्यंत थांबू म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणं, ही तर घोडचूक.

मी त्याला विचारलं, त्याच दिवशी पिवळ्या झाकणाची ट्यूब घेतली होती का? होती. मग दुसरं पान पाठव. सीआरपी ३८, अल्ब्युमिन (यकृतच बनवतं ते रक्तातलं एक प्रथिन) ३.१. माझ्या मते गोल करायचं होतं ते हे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत या दोघांची मिळून एक साधी गुणपद्धत तयार झाली. सीआरपी १० पर्यंत असेल तर शून्य. १० च्या वर असेल तर एक. सीआरपी १० च्या वर आणि शिवाय अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर दोन. गुण जितके जास्त तितकी वाट कठीण. याचे बाबा दोनवर. पण यातला अल्ब्युमिन हा आकडा नुसता भिववत नाही, कामाला लावतो. तो दोन कारणांनी पडतो. यकृत सीआरपी बनवण्यात गुंतलं की अल्ब्युमिनकडे लक्ष कमी होतं, हे एक. आणि माणूस जेवत नसतो, हे दुसरं. गालाच्या कॅन्सरमध्ये तोंड उघडत नाही, भाकरी चावत नाही, तिखट झोंबतं. घरचे म्हणतात, "थोडं थोडं खातात." विचारलं की कळतं, सकाळी अर्धा कप चहात बुडवलेलं बिस्कीट आणि दुपारी वरणाचं पाणी. अशा माणसावर सहा-आठ तासांचं ऑपरेशन, मग जखम भरायची, मग रेडिएशन.

"दाढा कशा आहेत त्यांच्या?" मी विचारलं. खालच्या दोन किडलेल्या, एकीला पू. रेडिएशनआधी खराब दात काढावेच लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड मरायची भीती असते. ते काम डेंटिस्टकडे लिहून दिलेलं होतं, पण ऑपरेशन महत्त्वाचं म्हणून घरच्यांनी मागे ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाने फाईल घेऊन सर्जनना गाठलं. दाढा निघाल्या, अँटिबायोटिक झालं, आणि नाकातून बारीक नळी घातली गेली. आईने मिक्सर बाहेर काढला. नाचणीची पातळ पेज, मऊ भात-वरण गाळून, दूध, उकडलेलं अंडं दुधात फिरवून, दर दोन तासांनी दोनशे मिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा सीबीसी आमच्याकडेच आला. न्यूट्रोफिल ६९, लिम्फोसाईट २१. भागाकार ३.३. गाठ होती तेवढीच होती. उतरली ती दाढेची भर. सीआरपी ३८ वरून १४ वर आलं होतं. सीआरपी असंच पळतं, मूळ कारण दूर झालं की दिवसभरात निम्मं होतं. अल्ब्युमिन मात्र ३.१ चं ३.२. ते निम्मं व्हायलाच वीसेक दिवस लागतात, तसं वर यायलाही. ग्लासगोच्या हिशोबात बाबा होते तिथेच, दोनवर. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं.

या वेळी मुलाने रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा कागदावर भागाकार नव्हता. मागच्या बाजूला नळीच्या फीडच्या वेळा लिहिल्या होत्या, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, आणि नऊपैकी आठांपुढे बरोबरच्या खुणा.